मांडणीची खालची फळी

माय, तुझं स्वयंपाकघर काल रिकामं झालं. दहा दिवस तिथे ट्रॅक्टरचे भाग मांडलेले होते, तुझ्या जुन्या हिरव्या लुगड्यावर, पंगतीत पानं मांडावीत तसे ओळीने. आता फरशी पुसून झाली आहे, जातं परत आपल्या कोपऱ्यात गेलं आहे आणि मी देवापुढे पाट टाकून तुला हे लिहायला बसलो आहे. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, म्हणजे तू असतीस तरी हे मला वाचूनच दाखवावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत माझ्यात आली नसती. गोष्ट त्या स्प्रिंगची आहे. बाच्या इंजिनाची जी स्प्रिंग तुझ्या हातून हरवली असं गावाने मानलं, आणि तूही शेवटपर्यंत मानलंस, ती. पण आधी या दहा दिवसांचं सांगतो. ते घडलं नसतं तर मी अजूनही गप्पच राहिलो असतो.

आपला ट्रॅक्टर तुला आठवत असेल. तो दारात आला तेव्हा तू त्याच्या चारही चाकांना हळदकुंकू लावलं होतंस. त्यावर तू बसलीस मात्र एकदाच, गोरेगावच्या बाजाराला जाताना, मडगार्डवर, सगळा रस्ता एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने माझा शर्ट धरून. उतरल्यावर म्हणालीस, "चांगला हाय, पर बोलतो लई." आता तो म्हातारा झालाय. लोकांची हळद उकडून वाळून झाली की आम्ही दोघं नवराबायको त्याला पॉलिशचा ड्रम जोडून गावोगाव जातो. जाळीचा मोठा लोखंडी ड्रम असतो. ट्रॅक्टर तो फिरवतो, आत हळकुंडं एकमेकांवर घासतात, वरची साल निघून जाते आणि खालचा पिवळा रंग उजळून येतो. मागच्या हंगामात आम्ही मोठा ड्रम आणला आणि तेव्हापासून ट्रॅक्टरला धाप लागायला लागली. अर्धा भरला तर चालायचं. पूर्ण भरला की काळा धूर ओकायचा आणि जागेवर बसायचा. तुझी सून एकदा ड्रमपाशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ह्याला दमा झालाय. दवाखान्यात दाखवा, न्हाईतर पेन्शनीत काढा."

दम्यावर औषध म्हणजे टर्बो. तुला कसं सांगू? इंजिन श्वास सोडतं तो धूर नुसता आभाळात जातो. त्या धुराच्या वाटेत एक लहानसा पंखा बसवायचा. धुराने तो फिरतो, आणि त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा ओढून इंजिनाच्या छातीत दाबून भरतो. सोडलेल्या श्वासाच्या जोरावर पुढचा श्वास मोठा घ्यायचा, एवढंच. मला ही कल्पना इतकी आवडली की दोन दिवस मी जेवताना तेच बोलत होतो. आपल्या ट्रॅक्टरला कंपनीने तो दिलेला नव्हता, पण गोरेगावच्या वेल्डरने भंगारातून एक जुना, चांगल्यापैकी टर्बो शोधून आणला. हा वेल्डर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, त्याला सगळे उस्ताद म्हणतात. त्याने बॉनेट उघडलं, आत वाकून पाहिलं, टर्बो हातात तोलला आणि म्हणाला, "लगाना मुश्किल नै. जगा करना मुश्किल है. ये मोटा पावना, बैठेगा किधर?"

खरंच होतं. जिथे टर्बो बसायचा तिथे हवेचा फिल्टर होता. फिल्टर सरकवायचा तर बॅटरी आड येत होती. बॅटरी हलवायची तर तिची पेटी कापून खाली पायाजवळ न्यायची. एका पाहुण्यासाठी अख्ख्या घराने सरकून बसायचं, तसं. आणि जे काही सोडवू ते ठेवायचं कुठे, हा दुसरा प्रश्न. अंगणात शेजारच्या हरभऱ्याच्या मळणीचा भुसा उडत होता. टर्बोच्या आतला दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो. तिथे भुशाचा एक कण गेला तरी त्याचं आयुष्य संपलं. पुढच्या खोलीत पलंग, टीव्ही, गॅसची शेगडी. दार लावून घेतलं की धूळ येत नाही अशी एकच जागा घरात होती, तुझं जुनं स्वयंपाकघर. आता तिथे चूल पेटत नाही. देव्हारा आहे, मांडणी आहे, पाटा-वरवंटा आहे आणि जातं.

मी जात्याकडे नुसताच बघत उभा राहिलो. तुझ्या सुनेला त्यातलं काही माहीत नव्हतं, पण तुझी रीत माहीत होती. तिने पुढे होऊन जात्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि म्हणाली, "सरका आत्याबाई जरा. तुमच्या लेकाचं लोखंड येऊन राहिलंय." मग आम्ही दोघांनी पहार लावून ते सरकवलं. मला हसू आलं आणि डोळ्यात पाणीही. ती म्हणाली, "काहून, पाठीत उसण भरली का?" मी व्हय म्हणालो.

तू घरातली कुठलीही जड वस्तू न विचारता हलवली नाहीस. उखळ, पाटा, पेटी, सगळ्यांना "सरक बाई जराशी" म्हणायचीस, भरल्या जिपेत बसलेल्या बाईला म्हणावं तसं. लोक हसायचे. मीही एकदा हसलो होतो.

मी चौदा वर्षांचा आहे. नववीत. बा जाऊन दोन वर्षं झाली आहेत आणि विहिरीवरचं त्याचं इंजिन मध्येच बंद पडायला लागलं आहे. गव्हाला दोन पाणी अजून द्यायची आहेत. मिस्त्रीला काम करताना मी पाहिलेलं आहे, म्हणून मला सगळं येतं. तू रानात गेलेली असताना मी इंजिनाचे वरचे भाग सोडवून पोत्यात घालून घरी आणतो, आणि बाहेर थंडी आहे म्हणून स्वयंपाकघरात पोतं अंथरून त्यावर पसरतो. जागा पुरत नाही. मी भिंतीला पाठ लावून दोन्ही पायांनी जातं ढकलतो. वरची तळी घसरते, भिंतीवर आदळते आणि तिच्या काठाचा टवका उडतो. तू येतेस. मी वाटच बघत असतो की तू आता ओरडशील. तू ओरडत नाहीस. तो टवका उचलून तू दोनदा त्याच्या जागी बसवून पाहतेस, बसणार नाही हे माहीत असून.

"त्याला इच्यारलं व्हतं का?"

"कुणाला?"

"जात्याला."

मी हसतो. माय, त्या हसण्याने सगळं झालं. तू पोत्याची चारही टोकं धरतेस, सगळे भाग खणखणत उचलतेस आणि अंगणात बाभळीखाली नेऊन ठेवतेस. फेकत नाहीस, ठेवतेस. हे मी तेव्हाही पाहिलं होतं. वळून मला म्हणतेस, "ज्याला पाय न्हाईत त्याला इच्यारून हलवावं. लोखंडाला पाय न्हाईत म्हनून म्या त्याला उचलून आणलं. तू जात्याला लाथ मारली."

दुसऱ्या दिवशी इंजिन जोडताना एक स्प्रिंग कमी भरली. बोटाच्या पेराएवढी, पण तिच्याशिवाय इंजिन वेग धरत नाही. ते एकतर बंद पडतं, नाहीतर बेफाम पळतं. हिंगोलीच्या दुकानात ती मिळाली नाही. त्या जुन्या इंजिनाचं सामान येणंच बंद झालं होतं. मी घरी येऊन म्हणालो, "तू बाहेर काढलंस, त्यात गेली." तू आत गेलीस, पिठाची चाळणी घेऊन आलीस आणि बाभळीखालची माती चाळायला बसलीस. ओंजळीने माती घ्यायची, चाळायची, उरलेले खडे एकेक करून पाहायचे. एक पट्टा झाला की त्यावर काडीने रेघ ओढायचीस, म्हणजे तिथे परत बसायला नको. भिंतीपलीकडून चुलता रोज वाकून बघायचा. "काय वहिनी, पीठ संपलं व्हय? मातीच्या भाकरी टाकून राहिल्या का?" आणि तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने आपल्या बायकोला सांगायचा, "बाईच्या हाती मशीन दिली की हेच. भावाचं इंजिन मातीत घातलं हिनं." त्याच्या पोरांनी तेच शाळेत नेलं.

चौथ्या दिवशी भूमितीचा तास होता. मी कंपासपेटी उघडली. कोनमापकाच्या खाली ती स्प्रिंग होती.

मीच ठेवली होती. सोडवतानाच ठेवली होती, हरवू नये म्हणून. लहान वस्तू आहे, लहान पेटीत घालू, असा चांगला विचार करून. आणि मग जात्याचा टवका उडाला, तू आलीस, आणि त्या गडबडीत ते माझ्या मनातून पार पुसून गेलं. इथपर्यंत मी तुझा अपराधी नाही, निदान मोठा नाही. विसरणं माणसाला आहे. पण त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी आलो. तू माती चाळत होतीस. केसांवर, पापण्यांवर माती. अंगणाचा एक कोपरा तेवढा राहिला होता. माझ्याकडे बघून म्हणालीस, "न्हाई घावली रे लेकरा. पर अजून ह्या कोपऱ्याचं राहिलंय." कंपासपेटी माझ्या दप्तरात होती. मी म्हणालो, "राहू दे माय."

एवढंच म्हणालो. तुला वाटलं मी तुला माफ केलं.

ती अंगणात टाकून "सापडली" म्हणावं, हेही मनात आलं होतं. पण तू सगळीकडे रेघा ओढल्या होत्यास. चाळलेल्या मातीत ती निघाली असती तर तुला लगेच कळलं असतं. तुझ्या मन लावून काम करण्यामुळे माझी खोटं बोलायची वाटही बंद झाली. मग शेजारच्या शेतातलं इंजिन उसनं आलं, पण उशिरा. निम्मा गहू पोचट निघाला. पावसाळ्याआधी भंगारवाला बाचं इंजिन बैलगाडीत घालून घेऊन गेला. त्याच संध्याकाळी तू मांडणीच्या खालच्या फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या, पापडाचा डबा, सगळं काढलंस आणि आपल्या बाजेखाली ठेवलंस. फळी ओल्या फडक्याने पुसलीस. मला हाक मारून म्हणालीस, "आजपसून तुझं लोखंड हितं ठेवायचं. म्या बाहीर न्हाई काढणार." त्या बरण्यांवर तुझा पायाचा अंगठा रोज आपटायचा. मरेपर्यंत आपटत राहिला. तू म्हणायचीस, "आपटू दे, बरणी हाय म्हनून कळतं."

माझं सगळं शिक्षण त्या फळीवर झालं. सायकलचे छर्रे, पंपाचे वायसर, मोटारीची तांब्याची तार. गावातले लोक आपलं बिघडलेलं घेऊन यायला लागले ते त्या फळीपाशी. आज माझं पोट ज्या कामावर चालतं ते तिथून सुरू झालं, आणि ती फळी तू मला दिलीस ती तुझ्याकडून न झालेल्या चुकीची भरपाई म्हणून. मी ती घेतली. हे सांगायला मला पस्तीस वर्षं लागली, आणि कारण घडलं ते याच दहा दिवसांत.

तुझी अजून एक रीत मी पाळत आलो आहे. नवं जे काही निघेल त्यातलं पहिलं देवापुढे. पहिलं कणीस, पहिलं हळकुंड. मी कुठलीही मशीन उघडली की पहिला सुटलेला नट फूल वाहून देव्हाऱ्यात ठेवतो आणि दिवेलागणीला उचलून परत जागेवर नेतो. उस्ताद मला चिडवतो, "तेरा देव परसाद में नटबोल्ट खाता क्या?" या वेळीही ट्रॅक्टरचा पहिला नट ठेवला, संध्याकाळी उचलला. चार दिवसांनी टर्बोची पाळी आली. ती वेगळी मशीन, तेव्हा तिचाही मान वेगळा. साफ करायला घेतल्यावर तिचा पहिला निघाला तो तेलाचा बोल्ट. हा बोल्ट साधा नसतो, आतून पोकळ असतो. त्याच्या पोटातून तेल जाऊन टर्बोच्या दांड्याला मिळतं. तो नसेल तर टर्बो पाच मिनिटांत जळून जाईल. आणि त्याचे आटे असे की तसा दुसरा हिंगोलीत नाही, नांदेडला मिळाला तर मिळाला. मी तो देवापुढे ठेवला, वर जास्वंद वाहिली.

दोन दिवसांनी उस्ताद वेल्डिंग पूर्ण करून आला. टर्बो जागेवर बसला. फिल्टर बाहेरच्या बाजूला गेला होता, बॅटरी खाली गेली होती, आणि मधल्या मोकळ्या जागेत तो पाहुणा असा नेमका बसला की उस्तादने त्याला थोपटलं. "अब तेल का बोल्ट ला." मी आत गेलो. लुगड्यावर त्याची जागा रिकामी होती.

तुझ्या सुनेने आदल्या दिवशी त्या लुगड्याचं एक टोक झटकलं होतं. कोंबडी आत शिरून त्यावरून चालत गेली होती, तिची घाण होती. मी विचारही केला नाही. बाहेर येऊन, उस्तादसमोर, म्हणालो, "तू काल झटकलंस ना? त्यात गेला बोल्ट."

ती माझ्याकडे बघत राहिली. "म्या तर एकच कोपरा झटकला. तिथं काईच न्हवतं."

"मग काय पाय फुटले त्याला?"

"असंल बाई," ती हळू म्हणाली. "माझ्याच हातून गेला असंल." आणि आत जाऊन पिठाची चाळणी घेऊन आली.

माय, तिला कुणी सांगितलं नव्हतं. तू तिच्यापाशी त्या गोष्टीचा कधी उच्चार केला नव्हतास, मीही नाही. बाईला घरातलं हरवलेलं शोधायचं म्हटलं की चाळणीच आठवते, एवढंच असेल. पण ती अंगणात बसली, ओंजळीने धूळ घेतली आणि चाळायला लागली, तेव्हा मला तिथे उभं राहवेना. उस्ताद बिडी विझवून म्हणाला, "भाभी, उधर भी देखो, झाडू के कचरे में." मी काहीतरी करायचं म्हणून मागच्या बेलाच्या झाडाकडे गेलो. तिथे मी रोजचं निर्माल्य टाकतो. आणि वाळलेल्या फुलांचा तो ढीग दिसल्याबरोबर मला आठवलं. संध्याकाळी मी उचलून ठेवला होता तो ट्रॅक्टरचा नट, चार दिवस आधीचा. बोल्ट मी उचललाच नव्हता. पूजेला बसताना मी चष्मा काढून ठेवतो. सकाळी देवापुढची कालची फुलं गोळा केली, त्यातच जास्वंदीखालचा बोल्टही मुठीत आला असणार.

ढिगात हात घातला. तिसऱ्या मुठीला लागला. जास्वंदीची पाकळी त्याला चिकटलेली होती.

तो मुठीत धरून मी बेलाखाली उभा राहिलो. तिथून अंगण दिसत होतं. तुझी सून कचऱ्याचा ढीग चाळत होती, पाठ माझ्याकडे. तिच्यामागे अजून न चाळलेला ढीग होता. चार पावलं टाकून, वाकल्यासारखं करून, तो त्यात सोडून दिला असता तर दहा मिनिटांत तिलाच सापडला असता. ती खूश झाली असती, उस्ताद खूश झाला असता, कुणाचंच काही गेलं नसतं. मी ती चार पावलं टाकलीसुद्धा. तिच्या केसांवर धूळ बसलेली दिसली. पापण्यांवरही असणार. मला वाटलं, आता हिने मागे वळून "अजून ह्या कोपऱ्याचं राहिलंय" असं म्हटलं, तर मी इथेच खाली बसेन.

ती वळली आणि म्हणाली, "नुसतं उभं राहून काय बघून राहिले? एक सुपडं तर आणून द्या."

मी मूठ उघडली. "हा बघ. निर्माल्यात होता. मीच टाकला, फुलांसंगं. तुझा काही संबंध नव्हता. उगीच तुझ्यावर घातलं मी, चारचौघांत."

चारचौघं म्हणजे उस्ताद एकटाच, पण तो उठून ट्रॅक्टरच्या पलीकडे गेला आणि उगाच टायर बघायला लागला. तुझ्या सुनेने बोल्ट घेतला, पाकळी काढून टाकली, पदराने पुसला. "म्हंजी देवानंच लपवला व्हता म्हणा."

"देवानं न्हाई. म्या."

"बरं बाई, तुमी." तिने माझ्या हातात चाळणी दिली. "मग आता ही धुऊन द्या चांगली. संध्याकाळी ह्याच चाळणीनं पीठ चाळायचंय."

पलीकडून उस्तादचं हसू ऐकू आलं. मी नळापाशी बसून चाळणी धुतली. राखेने घासली, पाण्याखाली धरली, उजेडाकडे धरून एकेक भोक पाहिलं. त्या हिवाळ्यातल्या आपल्या भाकरी आठवल्या. तुझी चाळणी खड्यांनी ताणली गेली होती, भाकरीत कचकच यायची, आणि तू ताट पुढे सरकवताना म्हणायचीस, "दात जप रे." मी न बोलता खायचो. चाळणी धुवायला मला त्या दिवशी बराच वेळ लागला. तुझी सून एकदा येऊन बघून गेली.

काल ट्रॅक्टर सुरू केला. पहिल्यांदा तेल परत जायच्या नळीतून गळती निघाली, ती नळी पुन्हा काढून बसवली. मग नीट लागला. उस्तादने सांगितलं तसं तेल वर चढेपर्यंत हळू चालू ठेवला, मग ड्रम जोडला, आपल्याच घरची राहिलेली हळद घातली, पूर्ण भरून. मी हळूहळू वेग वाढवला. थोडा काळा धूर आला, मग पातळ झाला, आणि बॉनेटखालून एक बारीक शीळ ऐकू यायला लागली. तुझी सून ड्रमच्या पलीकडून ओरडली, "आता शिट्ट्या बी मारायला शिकला का ह्या वयात?" ड्रम फिरत राहिला. ट्रॅक्टर बसला नाही. हळकुंडं बाहेर काढली तेव्हा ती अशी पिवळी होती की तिने पदरात मूठभर घेतली, आत नेली आणि त्यातलं पहिलं देवापुढे ठेवलं. ठेवून मला म्हणाली, "उद्या सकाळी पूजा करताना चष्मा लावून बसा."

आज हट्टा गावाहून फोन आला आहे, परवा ड्रम घेऊन तिकडे जायचं आहे. मांडणीची खालची फळी आज मी पुसली. तुझ्या त्या जात्याला लागूनच आहे. टवका उडालेली बाजू मी भिंतीकडे न करता मुद्दाम पुढे ठेवली आहे. फळीच्या अगदी मागे खिळ्यांचा एक डबा आहे, त्यात चिंधीची गाठ. त्या गाठीत ती स्प्रिंग आहे. मी ती टाकली नाही, माय. विहिरीत टाकायला दोनदा गेलो होतो, टाकवली नाही. दर दसऱ्याला सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लागतं, तो डबा तेवढा मी त्यांच्यात मांडत नाही. आज उघडला. अजून गंज चढलेला नाही, कारण मी तिला वर्षातून एकदा तेल लावत आलो आहे. हेही कुणाला माहीत नाही. कशासाठी लावत आलो ते मलाही नीट सांगता येणार नाही. इंजिन तर केव्हाच वितळलं असेल.

स्प्रिंग आत्ता या कागदावर आहे. कागद घडी घालून याच डब्यात ठेवीन. तू जिथे आहेस तिथे पोचायला याला पाय नाहीत, आणि कुणाला विचारून हलवावं तेही मला माहीत नाही.

आत्ताच तुझी सून दारात येऊन गेली. हातात चहा होता. "इतका येळ काय लिहून राहिले?" मी कागदावर हात ठेवला आणि म्हणालो, "सामानाची यादी."

ती कप खाली ठेवून गेली. बघ माय, अजून सवय गेलेली नाही. चहा निवायच्या आत उठतो, आणि ही स्प्रिंग तिच्या हातावर ठेवून सांगतो.